गाडीत न चढणारं सामान

२ मार्च

वन्सं,

काल फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पाऊण तास आपण बोललो आणि त्यात माझी वाक्यं दोनच होती, "हो" आणि "बघते". तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलीत, तेव्हा साठलेलं आता बाहेर पडतंय, असं तुमचे दादा म्हणायचे. मला त्याचा राग नाही. पण सांगायचं ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून हे पत्र. पत्रात कुणाला मधे बोलता येत नाही.

माझं सामान तुमच्या गावी हलवणाऱ्या कंपनीचा मुकादम येऊन गेला. उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल. सगळ्या खोल्या फिरला, कपाटं हलवून पाहिली. गाडी सोळा तारखेला येईल म्हणाला आणि जाताना एक छापील कागद हातात ठेवला. आम्ही काय नेत नाही, त्याची यादी. चष्मा लावून वाचली. गॅसचा सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, काडेपेट्या, कुंडीतली झाडं. इथवर ठीक. पुढे लिहिलंय: स्पिरिट, टर्पेंटाइन, वॉर्निश, पॉलिश, सगळी तेलं, उघडलेली कुठलीही बाटली.

कागद घेऊन मागच्या खोलीत गेले, जिथे फर्निचर पॉलिशचं काम चालायचं. भिंतीला लागून फळी आहे, फळीवर एकवीस डबे-बाटल्या. लाखेच्या कोरड्या पापड्या, म्हणजे आमची चपडी, स्पिरिटात विरघळवून केलेलं पॉलिश: गडद, मध्यम, फिकं. मग तेलं, मग टर्पेंटाइन. एकेक बाटली यादीशी ताडून पाहिली. चपडीचा डबा सोडला तर एकही सुटली नाही. कंपनीने आमची फळी बघूनच कागद छापला की काय, असं वाटलं.

कपाट नेतील, पलंग नेतील. मोडक्या पायाची खुर्चीसुद्धा नेतील, तिला गादी गुंडाळून. मी मुकादमाला म्हटलं, "ही खुर्ची राहू द्या, त्या जागेवर ही एक बाटली घ्या." तो म्हणाला, "आजी, खुर्ची पेटत नाही." मी म्हटलं, "लाकूड पेटत नाही होय?" "स्वतःहून पेटत नाही," म्हणाला.

वन्सं, खरं विचारते. ते सामान येणार नसेल तर मी तिथे येऊन काय करू? तुमच्या खोलीत बसून तुम्ही वाचलेली पुस्तकं तुमच्या तोंडून ऐकू? घरमालकांना दहा एप्रिलच्या आत जागा रिकामी हवी आहे, ते खरं. पण रस्त्याच्या टोकाला सुतार आहेत, त्यांच्या कारखान्यामागे एक खोली पडून आहे. "हवी तर घ्या," म्हणाले. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

तुमची
वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

पत्रात मधे बोलता येत नाही, पण उत्तर देता येतं. ते मी देणार, आणि तू ते शेवटपर्यंत वाचणार.

पहिली गोष्ट ती यादी. मी बत्तीस वर्षं एक्स्चेंजच्या फाटकावर उभी राहून युनियनसाठी बोलले. छापील कागद समोर धरला की भल्याभल्यांची मान खाली जाते, हे मी तिथे पाहिलं. कागद कुणी छापला, कुणाच्या सोयीसाठी छापला, हे कुणी विचारत नाही. पंधरा तासांच्या प्रवासाला एका बाईची बाटली जड होते आणि मोडकी खुर्ची हलकी होते, हा कुठला न्याय? आपली जबाबदारी टाळायची असली की कंपन्या नियम छापतात. असे कागद मी ढिगाने पाहिलेत. त्यातले निम्मे फाडायला लावलेत.

दुसरी गोष्ट अवघड आहे, पण बोलते. दादाला जाऊन चौदा महिने झाले. तो माझाही भाऊ होता. मला त्याची आठवण येते ती त्याच्या शीळ घालण्याची, वाद हरला की "चहा टाक" म्हणण्याची. फळीवरच्या एकवीस बाटल्या म्हणजे दादा नव्हे. बाईला गेलेल्या नवऱ्याच्या वस्तूंची राखणदार करून बसवायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं, ही जगाची जुनी लबाडी आहे. मी त्याला नोकरी म्हणते, बिनपगारी आणि बिनसुटीची. तू त्या नोकरीतून बाहेर पड. माझ्या घराला मोठी खोली आहे, उत्तरेला खिडकी आहे, आणि मी एकटी बोलून बोलून भिंतींनाही कंटाळा आणलाय.

आणि अगदीच जीव तुटत असेल तर एक-दोन बाटल्या निवड, दादाच्या जुन्या शर्टांत गुंडाळ, कपड्यांच्या खोक्यात मधोमध ठेव आणि वर "कपडे" लिही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. मी बघते त्या मुकादमाकडे.

सुताराची खोली विसर. सोळाला निघ.

तुझी
वन्सं


१८ मार्च

वन्सं,

गाडी गेली नाही. मी इथेच आहे आणि धडधाकट आहे. आधी एवढं वाचा, मग पुढचं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. फिक्या पॉलिशची एक आणि जवसाच्या तेलाची एक, अशा दोन बाटल्या यांच्या शर्टांत गुंडाळल्या, कपड्यांच्या खोक्यात मधोमध ठेवल्या, वरून चिकटपट्टी लावली. चौदा तारखेला. सोळाला सकाळी मुकादम चार माणसं घेऊन आला. कपाटाला गादी बांधता बांधता थांबला आणि नाक वर केलं. "आजी, चुलीवर काय विसरलात?" मी म्हटलं, गॅस तर कालच काढला. तो वास घेत घेत खोल्या फिरला. त्या खोक्यावर तळवा ठेवला, आणि पुढचं काही न बोलता खोका उचलून पळत अंगणात गेला. तिथे फाडला. आधी नुसता धूर होता, वारा लागला तशी ज्वाळ उठली. त्याच्या माणसांनी बादल्या ओतल्या. पाच शर्ट गेले, माझे कपडे गेले, पॉलिशची बाटली तडकली. त्याच्या मनगटावर फोड आला.

तेलाच्या बाटलीचं बूच सैल होतं. जवसाच्या तेलात भिजलेलं कापड गुंडाळून ठेवलं की ते आतल्या आत तापत जातं आणि काडी न लावता पेटतं. पॉलिशवाल्याच्या घरात ही पहिली शिकवण. चिंधी वापरून झाली की उघडून तारेवर टाकायची, नाहीतर पाण्यात बुडवायची. तीस वर्षं मी हे चुकले नाही. मग आता कशी चुकले? दोन दिवस हाच विचार करते आहे. चिंधी असती तर मी गुंडाळली नसती, वन्सं. ते यांचे शर्ट होते. ते चिंधीसारखे वागतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुकादम ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पायरीवर बसला, मी मलम लावत होते तेव्हा म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आमची एक गाडी भर रस्त्यात जळाली. पाच घरांचं सामान होतं. कुणीतरी छोटीशी बाटली लपवली होती. चालक माझा मेव्हणा. वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली. यादीत काय आहे ते त्याआधी मीही नीट वाचलं नव्हतं."

तुमचं नाव सांगायचं होतं ना? सांगायला तोंडच उघडलं नाही.

कंपनीने त्या दिवसाची गाडी रद्द केली. मुकादमाने शब्द टाकला म्हणून आठ एप्रिलला दुसरी देतील, पण प्रत्येक खोका त्याच्या समोर भरायचा. मी नक्की सांगितलेलं नाही. आज सुतारांची खोली बघून आले.

वहिनी


२१ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले.

चूक माझी. यादी कुणाच्या सोयीसाठी छापली असं मी तावातावाने विचारलं होतं. उत्तर मिळालं. ज्याची बोटं गेली त्याच्यासाठी. मी कामगारांची बाजू मांडत जन्म घालवला आणि गाडी चालवणारा हा कामगार असतो, हे मला एकदाही आठवलं नाही. सोबत मुकादमासाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती त्याला दे. तीत सबबी नाहीत.

तुला काही झालं असतं तर, हे वाक्य मी पुरं करणार नाही.

आता मात्र ऐक. शर्ट गेले, एका परीने बरं झालं. दादाच्या उरलेल्या बाटल्या त्या सुताराला देऊन टाक. त्याच्या कामाच्या आहेत, तुझ्या नाहीत. तीस वर्षं तू दादाच्या हाताखाली डबे धरलेस, चिंध्या धुतल्यास, चहा करून दिलास. पुष्कळ झालं. आता तुला काही करायची गरज नाही. खिडकीत बस, माझी पुस्तकं वाच, मी बोलले तर ऐक, कंटाळलीस तर कान बंद कर. रिकाम्या हाताने ये, वहिनी. रिकाम्या हाताने येण्यात कसलाही कमीपणा नाही.

त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ नकोस.

तुझी
वन्सं


२४ मार्च

वन्सं,

"डबे धरलेस" इथवर वाचलं आणि पत्राची घडी घातली. भांडी घासली, केर काढला, पुन्हा पत्र उघडलं. तसंच लिहिलेलं होतं.

आता सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी यांच्या हातांना स्पिरिट सोसेना. बोटांची कातडी फाटायची, घास घेताना रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा नाहीतर हात सोडा. त्याआधी मी खरंच डबे धरत होते आणि बघत होते. बघून बघून आलं होतं. त्या आठवड्यात एक जेवणाचं टेबल अर्धं राहिलं होतं, ते मी पुरं केलं. गिऱ्हाईक आलं, टेबलावरून हात फिरवला आणि यांना म्हणालं, "हात आहे बुवा तुमचा." हे माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली, म्हणजे बोलू नका. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हे बाहेर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि मी आत दार लावून काम करायचे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मी सांगू दिलं नाही. दोन्ही खरं आहे. कुणाचा दोष जास्त ते मी ठरवत बसत नाही. त्यांनी माझ्यासाठी रोज स्वतःच्या फाटक्या हातांनी चपडी निवडून दिली, तेही खरंच आहे.

तुमच्या युनियनच्या कचेरीतलं लांब टेबल नऊ वर्षांपूर्वी इथून गेलं. त्याला मी एकोणीस दिवस दिले. उद्घाटनाला आम्ही दोघं आलो होतो, मी तिसऱ्या रांगेत. तुमचं भाषण घराच्या आत राहून जाणाऱ्या बायकांच्या कामावर होतं. फार चांगलं बोललात, अजून आठवतं. बोलता बोलता टेबलावर हात मारून म्हणालात, "ही चमक बघा, ही माझ्या दादाच्या हाताची." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तेव्हा मी कुणाची राखणदार नाही. त्या बाटल्या तुमच्या दादांच्या नव्हेत. माझ्या आहेत. मला खिडकीत बसायचं नाही, खिडकीच्या उजेडात काम करायचं आहे. माझे हात अजून थरथरत नाहीत.

सुतारांच्या खोलीत उजेड नाही, पण काम आहे. तुमच्याकडे उजेड आहे आणि मला बसवून ठेवायचा बेत आहे. मुकादमाला तीन तारखेपर्यंत सांगायचं आहे. तुम्हाला काय वाटतं ते भाषण न करता लिहा.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

तीनदा कागद घेतला. तिन्ही वेळा दुसऱ्याच ओळीत भाषण सुरू झालं. फाडले. हा चौथा.

पत्र मिळालं त्या दुपारी कचेरीत गेले. टेबलावरच्या फायली खाली ठेवल्या, गाल टेबलाला लावला आणि आडव्या नजरेने बघितलं. नऊ वर्षं मी त्याच्यासमोर उभी राहिले, त्याच्याकडे बघितलं नव्हतं. खोल पाण्यात बघावं तसं लाकूड दिसतं. एकाच ठिकाणी पांढुरका डाग पडलाय, तळहाताएवढा. तिथे माझा हात आपटायचा.

मंगळवारी निवृत्त बायकांची बैठक होती. मी उठले आणि सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी या टेबलाबद्दल मी चुकीचं बोलले होते, हे काम माझ्या वहिनीचं आहे. मागून एकजण म्हणाली, "मग बाई, नऊ वर्षं तुम्ही बघत काय होतात?" मी खाली बसले. भाषण न करता बसले हे बघून दोघीतिघींना माझ्या तब्येतीची काळजी वाटली.

आता कामाचं. माझ्या गल्लीतल्या रंगाच्या दुकानात स्पिरिट मिळतं, हवं तेवढं, ताजं. टर्पेंटाइन मिळतं. जवसाचं तेलही मिळतं, आणि चिंध्या वाळत घालायला मी मागच्या अंगणात आजच तार बांधली. चपडी इथे चांगली मिळत नाही, तेवढी तू आण. कोरडी चालते का, मुकादमाला विचारून आण.

मोठी खोली रिकामी केली. बत्तीस वर्षांची पत्रकं आणि ठराव होते. रद्दीवाला दारातूनच म्हणाला, "एवढं नेणार नाही." दोन खेपांवर तयार केला. उत्तरेची खिडकी घासली, तिची एक काच फुटकी निघाली, बदलली. कचेरीच्या चिटणीसांना त्या डागाचं काम करून हवंय. वाचनालयाच्या बाईंनी सहा कपाटं दाखवली, त्यांवर कुणीतरी तेलकट रंग फासलाय. त्यांनी विचारलं, कोण करणार? मी तुझं नाव सांगितलं. फक्त तुझं.

एक मागणं आहे. मी बासष्टची आहे, डोळे चांगले आहेत, हात रिकामे आहेत. मला हाताखाली घे. डबे धरीन. आणि घेतलंस तर "तुम्ही" म्हणणं बंद कर. हाताखालच्या माणसाला कुणी "तुम्ही" म्हणत नाही.

यायचं की नाही, तू ठरव. सुतारांकडे राहिलीस तरी मी येईन, तिथे डबे धरीन.

वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

मुकादमाला आज हो सांगितलं. आठला गाडी निघेल, नऊला दुपारपर्यंत मी तिथे.

फळीचं काय केलं ते ऐका. ऐक. सवय लागायला वेळ लागेल.

सिलिंडर एजन्सीला परत केला. बॅटरी दुकानदाराने घेतली. काडेपेट्या शेजारणीला, दोन कुंड्याही तिलाच. तिसरी कोरफडीची, ती मुकादम घेऊन गेला, मनगटाला लावायला. तुझी चिठ्ठी त्याने दोनदा वाचली आणि टोपीत ठेवली. "या बाई मोठ्या आवाजाच्या दिसतात," म्हणाला. मी म्हटलं, कागदावरसुद्धा.

टर्पेंटाइन, तेलं आणि गडद पॉलिश सुतारांना दिलं, पण नुसतं दिलं नाही. त्यांच्या सुनेला हे काम शिकायचं होतं. तिला सहा दिवस शिकवलं. कापसाच्या पोटलीने गोल गोल कसं फिरवायचं, कुठे थांबायचं नाही, घाई केली की लाकूड कसं चिकट होतं. चांगला हात आहे तिचा. दार उघडं ठेवून काम करते. सुतार दोनदा म्हणाले, धूळ येते, दार लाव. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही धूळ कमी उडवा." मी बघत होते. मला हे कधी सुचलं नाही.

राहिलं मध्यम पॉलिश, दोन मोठ्या बाटल्या. नालीत ओतायचं माझ्याने होत नाही. गेले चार दिवस दुपारी घरमालकांच्या जिन्याच्या कठड्याला लावलं, वरपासून खालपर्यंत. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "जागा सोडून जाताना कुणी असं करतं का?" मी म्हटलं, "बाटली रिकामी करते आहे." मग ते म्हणाले, "तुमच्या यजमानांचा हात होता, तसाच वाटतो." मी पोटली खाली ठेवली आणि म्हटलं, "तो हात माझाच होता." ते वरच्या मजल्यावर गेले आणि बायकोला बोलावून घेऊन आले, दाखवायला. एवढं सोपं होतं, वन्सं. अकरा वर्षं मला वाटत होतं, काहीतरी कोसळेल.

कोरडी चपडी मुकादमाने चालेल म्हटलं. त्याच्या समोर डबा भरला, वर झाकण लावलं, त्याने स्वतः खोक्यावर लिहिलं, "पॉलिशवाल्या आजींचं सामान."

आता तुझं. हाताखाली घेते, पण अटी आहेत. मी येण्याआधी स्पिरिट आणून ठेव आणि त्या खोलीत काडी ओढू नकोस. पहिला थर चढतो आहे तोवर बोलायचं नाही, थुंकी उडते. टेबलाला कोपर लावायचं नाही. आणि डबे धरायला मला कुणी नको, मला काम करणारं माणूस हवं.

त्या पांढुरक्या डागावर पहिला हात तूच मारशील. मी शेजारी उभी राहीन. पहिल्यांदा चुकेल, सगळ्यांचं चुकतं. लाखेच्या पॉलिशचं एक बरं असतं. वर्षं गेली तरी ओल्या स्पिरिटने हात फिरवला की जुना थर मऊ होतो आणि नवा त्याच्यात मिसळून जातो. मग कुठला आधीचा आणि कुठला आत्ताचा, कुणाला दाखवता येत नाही. पोटली जरा ओली ठेव, आणि थांबू नकोस.

वहिनी